डोमेन कंट्रोलरवर डीएचसीपी चालवताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि हमखास होणाऱ्या चुका

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांत, कॉलेज रोडवरच्या सीए ऑफिसात, गंगापूर रोडच्या दवाखान्यांत एकच चित्र दिसतं. सर्व्हर एकच असतो. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) तोच, डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) त्याच्यावर, टॅलीचा डेटाही त्याच्यावर. मग राउटर कधीतरी बदलला जातो आणि ठरतं, की आयपी पत्तेही आता सर्व्हरनेच वाटायचे. डीएचसीपीचा, म्हणजे मशीनांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेचा, रोल पाच मिनिटांत बसतो, पत्ते वाटले जायला लागतात आणि काम झालं असं वाटतं. दोन-चार दिवसांनी तक्रारी येतात: नेट चालतं पण डोमेनला लॉगिन होत नाही, प्रिंटर मधेच गायब होतो, नावाने पिंग केलं तर भलतंच मशीन उत्तर देतं.

या तक्रारींचं मूळ जवळजवळ नेहमी दोन जागी सापडतं. एक म्हणजे कामं उलट्या क्रमाने केलेली असतात. दुसरं म्हणजे डोमेन कंट्रोलरवरच्या डीएचसीपीला डीएनएस नोंदींसाठी वेगळं खातं दिलेलं नसतं. हा लेख या दोन गोष्टींसाठी आहे. पायऱ्या विंडोज सर्व्हर २०१६ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना लागू पडतात.

आधी एक स्पष्ट मत. डोमेनमध्ये दुसरा एखादा विंडोज सर्व्हर असेल, अगदी साधी व्हर्च्युअल मशीन असली तरी, डीएचसीपी तिथे ठेवा. मायक्रोसॉफ्टचाही सल्ला हाच आहे. डोमेन कंट्रोलरवर जितक्या कमी सेवा तितकं बरं. पण दुसरा सर्व्हर नाही आणि बजेटही नाही, ही आपल्याकडची रोजची परिस्थिती आहे. तेव्हा डोमेन कंट्रोलरवरच चालवा, फक्त खालचा एकही टप्पा गाळू नका.

टप्पा १: सर्व्हरला हात लावण्याआधी कागदावर पत्ते मांडा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. राउटरच्या पॅनलमध्ये जाऊन सध्या कोणाला कोणता पत्ता गेलाय ती यादी उघडा आणि तिचा फोटो काढून ठेवा. राउटरचं डीएचसीपी बंद केल्यावर ही यादी परत मिळेलच असं नाही.

मग ऑफिसभर फिरून हाताने पत्ता टाकलेली उपकरणं शोधा: प्रिंटर, हजेरीचं मशीन, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, वायफायचे ॲक्सेस पॉइंट, शॉप फ्लोअरवर नेटवर्कला जोडलेली सीएनसी मशीनं, वजनकाट्याचा कॉम्प्युटर. हजेरीचं मशीन हमखास विसरलं जातं. ते भिंतीवर असतं, कोणी त्याला कॉम्प्युटर समजत नाही, आणि त्याचा पत्ता दुसऱ्याला गेला की पगाराच्या आठवड्यातच ते कळतं.

एक नमुना मांडणी देतो. नेटवर्क १९२.१६८.१०.०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असं धरा.

- १९२.१६८.१०.१: राउटर किंवा फायरवॉल, म्हणजे गेटवे
- १९२.१६८.१०.१०: डोमेन कंट्रोलर
- १९२.१६८.१०.२ ते ४९ मधले बाकीचे पत्ते: हाताने टाकलेली उपकरणं
- १९२.१६८.१०.५० ते २१९: डीएचसीपीने वाटायचे १७० पत्ते
- २२० पासून पुढे: राखीव, आज रिकामे

नेटवर्क नव्याने बसवत असाल तर १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० या मालिका टाळा. घरोघरच्या राउटरमध्ये बहुधा याच असतात. पुढे कोणी घरून व्हीपीएनने ऑफिसला जोडलं, की दोन्हीकडे एकच मालिका असल्यामुळे सर्व्हर सापडत नाही.

तपासा: हाताने टाकलेला एकही पत्ता ५० ते २१९ च्या मधे पडत नाही ना? पडत असेल तर आजच त्या उपकरणाचा पत्ता बदला. ते शक्य नसेल तर पुढे स्कोपमध्ये (वाटायच्या पत्त्यांच्या पट्ट्यात) तो पत्ता वगळायचा आहे, म्हणून त्यावर खूण करून ठेवा.

टप्पा २: सर्व्हरचं स्वतःचं घर आधी नीट करा

डोमेन कंट्रोलरला स्थिर पत्ता हवाच. दुसऱ्यांना पत्ते वाटणारा सर्व्हर स्वतः कोणाकडून पत्ता घेत असेल तर सेवा चालू दिसते, पण एकाही क्लायंटला उत्तर देत नाही. इव्हेंट लॉगमध्ये (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत) १०४१ क्रमांकाची नोंद दिसली, तर स्थिर पत्ता असलेलं एकही नेटवर्क कार्ड तिला सापडलेलं नाही असं समजा.

त्याच कार्डाच्या डीएनएसच्या खान्यात काय आहे ते बघा. एकच डोमेन कंट्रोलर असेल तर तिथे त्याचा स्वतःचाच पत्ता हवा. इंटरनेट कंपनीचा डीएनएस किंवा ८.८.८.८ इथे टाकायचा नाही. बाहेरची नावं शोधायची सोय डीएनएस कन्सोलमध्ये सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमधल्या फॉरवर्डर्स टॅबमध्ये करायची असते, कार्डावर नाही.

आता डीएनएस कन्सोल उघडून तीन गोष्टी पाहा.

१. तुमचा फॉरवर्ड झोन (नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदींचा संच) ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनची खाती जिथे असतात त्या साठ्यात, साठवलेला आहे का.
२. त्याच्या डायनॅमिक अपडेट्समध्ये 'सिक्युअर ओन्ली' निवडलेलं आहे का. इथे 'नॉनसिक्युअर अँड सिक्युअर' असेल तर पुढच्या टप्प्यांत वेगळ्या खात्याची केलेली सगळी मेहनत वाया जाते, कारण मग नेटवर्कवरचं कोणतंही मशीन कोणाच्याही नावाची नोंद बदलू शकतं.
३. रिव्हर्स लुकअप झोन आहे का. बऱ्याच ऑफिसांत तो बनवलेलाच नसतो. तो नसेल तर पत्त्यावरून नाव शोधणाऱ्या नोंदी डीएचसीपी लिहिणार कुठे? आत्ताच बनवा, तोही ॲक्टिव्ह डिरेक्टरीत साठवलेला आणि 'सिक्युअर ओन्ली'.

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतील आणि त्यातलं एक बॅकअपच्या डिस्कसाठी वेगळं लावलेलं असेल, तर डीएचसीपी नंतर त्या कार्डावरही ऐकत बसू शकतं. रोल बसल्यावर बाइंडिंग्जमध्ये जाऊन नको असलेल्या कार्डावरची खूण काढा.

टप्पा ३: नोंदींसाठी वेगळं खातं तयार करा

डोमेन कंट्रोलरवरचं डीएचसीपी आणि साध्या सर्व्हरवरचं डीएचसीपी यांतला खरा फरक इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

डीएचसीपी एखाद्या मशीनला पत्ता देतं तेव्हा त्या मशीनच्या वतीने डीएनएसमध्ये नोंदही लिहू शकतं. वेगळं खातं दिलेलं नसेल तर ही नोंद ते सर्व्हरच्या स्वतःच्या संगणक खात्याने लिहितं. साध्या सर्व्हरवर त्या खात्याचे हात आखूड असतात. डोमेन कंट्रोलरच्या खात्याला मात्र ॲक्टिव्ह डिरेक्टरीत साठवलेल्या डीएनएस नोंदींवर पूर्ण अधिकार असतो, तुम्ही हाताने बनवलेल्या नोंदींवरही. म्हणजे कोणी आपल्या लॅपटॉपचं नाव तुमच्या फाइल सर्व्हरसारखंच ठेवून पत्ता मागितला, तर डीएचसीपी त्याच्या वतीने खऱ्या सर्व्हरची नोंद पुसून तिथे लॅपटॉपचा पत्ता लिहू शकतं. 'सिक्युअर ओन्ली' असूनही हे घडतं, कारण लिहिणारा अधिकृतच असतो. यासाठी हल्लेखोरच हवा असं नाही. एकाच डिस्कच्या प्रतीवरून दोन मशीनं उभी केली आणि दोघांचं नाव एकच राहिलं, तरी गोंधळ होतो.

म्हणून ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एक नवं वापरकर्ता खातं बनवा. नाव ओळखू येईल असं ठेवा, पासवर्ड लांबलचक ठेवा आणि त्याची मुदत संपणार नाही अशी खूण करा. हे खातं फक्त 'डोमेन यूजर्स' गटात असू द्या. दुसरा कोणताही गट नको, अधिकार नको.

सावधान: इथे 'ॲडमिनिस्ट्रेटर'चं खातं टाकायचा मोह होतो, कारण ते लगेच चालतं. तसं केलंत तर टाळायचा होता तोच धोका परत घरात घेतलात.

सावधान: 'डीएनएसअपडेटप्रॉक्सी' नावाच्या गटात डोमेन कंट्रोलरचं खातं टाकू नका. या गटातल्या सदस्याने लिहिलेल्या नोंदी असुरक्षित राहतात आणि पुढे जो कोणी त्यांना पहिला हात लावेल तो त्यांचा मालक होतो. डोमेन कंट्रोलर डीएनएसमध्ये स्वतःच्याही महत्त्वाच्या नोंदी लिहीत असतो. त्याच नोंदी उघड्या पडल्या तर सगळं डोमेन धोक्यात येतं. जुन्या बसवणीत हे कोणी करून ठेवलंय का, ते आत्ताच गट उघडून बघा.

टप्पा ४: रोल बसवा आणि अधिकृत करा

हे काम सोपं आहे. सर्व्हर मॅनेजरमधून 'ॲड रोल्स अँड फीचर्स', त्यात 'डीएचसीपी सर्व्हर'. बसवून झालं की वर झेंड्याच्या खुणेवर पिवळा त्रिकोण येतो. तिथून 'कम्प्लीट डीएचसीपी कॉन्फिगरेशन' पूर्ण करा. यात दोन गोष्टी होतात: 'डीएचसीपी ॲडमिनिस्ट्रेटर्स' आणि 'डीएचसीपी यूजर्स' हे गट तयार होतात आणि सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत अधिकृत होतो. अधिकृत करायला 'एंटरप्राइज ॲडमिन्स' गटातलं खातं लागतं. नुसत्या 'डोमेन ॲडमिन्स'वर अडलात तर कारण हेच.

तपासा: इव्हेंट लॉगमध्ये १०४६ दिसत असेल तर सर्व्हर अजून अधिकृत नाही आणि तो पत्ते वाटणार नाही. पुढे कधी सर्व्हरचा आयपी बदललात तर अधिकृत सर्व्हरांच्या यादीत जुना पत्ता राहतो. तेव्हा जुनी नोंद काढून पुन्हा अधिकृत करा.

'डीएचसीपी ॲडमिनिस्ट्रेटर्स' गटात बाहेरच्या सर्व्हिस इंजिनिअरला सहज म्हणून टाकू नका. त्या गटातला माणूस अख्ख्या ऑफिसचा डीएनएस एका क्लिकमध्ये बदलू शकतो.

टप्पा ५: खातं जोडा, मगच स्कोप बनवा

बहुतेक जण आधी स्कोप बनवतात, चालू करतात आणि खात्याचं नंतर बघू म्हणतात. तोवर डोमेन कंट्रोलरच्या खात्याने कितीतरी नोंदी लिहून होतात. त्या नोंदी नव्या खात्याला बदलता येत नाहीत आणि मग जुने पत्ते डीएनएसमध्ये तसेच पडून राहतात.

डीएचसीपी कन्सोलमध्ये 'आयपीव्ही४' वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा.

१. 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'क्रेडेन्शियल्स'चं बटण आहे. तिथे टप्पा ३ मधलं खातं, डोमेनचं नाव आणि पासवर्ड भरा.
२. त्याच टॅबवर 'कॉन्फ्लिक्ट डिटेक्शन अटेम्प्ट्स' शून्य असतं, ते १ करा. पत्ता देण्याआधी सर्व्हर त्याला पिंग करून बघेल. विंडोजची फायरवॉल बहुधा पिंगला उत्तर देत नाही, त्यामुळे याच्यावर पूर्ण विसंबू नका. पण विसरलेला प्रिंटर किंवा रेकॉर्डर यात सापडतो.
३. 'डीएनएस' टॅबमध्ये लीज (मशीनला पत्ता वापरायला दिलेली मुदत) संपल्यावर नोंदी काढून टाकण्याची खूण असू द्या. जी उपकरणं स्वतः नोंद मागत नाहीत त्यांच्या नोंदीही डीएनएसमध्ये हव्या असतील तर 'क्लायंट्स दॅट डू नॉट रिक्वेस्ट अपडेट्स' असं लिहिलेली खूण करा. डोमेनमधली विंडोज मशीनं आपली नावाची नोंद स्वतःच लिहितात, त्यांच्यासाठी मूळ सेटिंग पुरेसं आहे.
४. 'नेम प्रोटेक्शन' चालू करा. आधीच दुसऱ्याने घेतलेलं नाव नव्या मशीनला मिळत नाही.

यानंतर डीएचसीपी सेवा रिस्टार्ट करा.

तपासा: इव्हेंट व्ह्यूअर उघडून १०५६ शोधा. ही नोंद साध्या शब्दांत सांगते, की मी डोमेन कंट्रोलरवर चालतोय आणि डीएनएस नोंदींसाठी मला खातं दिलेलं नाही. रिस्टार्टनंतरच्या वेळेला ही नोंद नसेल तर काम जमलं. पिवळी खूण असल्यामुळे लोक ती वर्षानुवर्षं सोडून देतात. डोमेन कंट्रोलरवर तिच्याकडे लाल नोंदीइतकंच लक्ष द्या.

टप्पा ६: स्कोप बनवा, पण चालू करू नका

'न्यू स्कोप' विझार्डमध्ये सुरुवात ५०, शेवट २१९, मास्क वर ठरवलेला. टप्पा १ मध्ये खूण केलेले पत्ते 'एक्सक्लूजन्स'मध्ये घाला.

लीजची मुदत मुळात ८ दिवस असते. डेस्कवरच्या कॉम्प्युटरांना ती ठेवा. लोक उगाच एक दिवस किंवा काही तास करतात. मग साप्ताहिक सुट्टीनंतर सगळी मशीनं एकदम नवा पत्ता मागतात आणि नेमका तेव्हा सर्व्हर अपडेटसाठी रिस्टार्ट होत असेल, तर सगळ्यांना १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसतात (कोणाकडूनच पत्ता मिळाला नाही की विंडोज स्वतःच घेतं ते). लाइट गेल्यावरही तेच. यूपीएस दमला, सगळं बंद पडलं आणि परत आलं, तर सर्वांत उशिरा उठतो तो डोमेन कंट्रोलर. मशीनची लीज शिल्लक असेल आणि गेटवे उत्तर देत असेल तर ते जुन्याच पत्त्यावर काम सुरू करतं. लांब लीजचा फायदा इथे मिळतो.

मोबाइलची गोष्ट वेगळी. हल्लीचे फोन वायफायवर स्वतःचा बनावट मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) वापरतात. शिफ्ट बदलली की नवे फोन येतात आणि ८ दिवसांच्या लीजवर १७० पत्ते बघता बघता संपतात. १०६३ ही नोंद आली की समजा पत्ते संपले. उपाय म्हणजे फोन वेगळ्या वायफायवर, वेगळ्या नेटवर्कवर ठेवा आणि त्यांना राउटरनेच पत्ते वाटू द्या. त्यांना डोमेन कंट्रोलरपर्यंत यायचं कारणच नाही.

ऑप्शन्समध्ये तीन भरा: ००३ मध्ये गेटवे, ००६ मध्ये डोमेन कंट्रोलरचा पत्ता, ०१५ मध्ये डोमेनचं नाव.

सावधान: ००६ मध्ये 'नेट बंद पडू नये म्हणून' दुसरा डीएनएस ८.८.८.८ टाकणं ही नाशिकमधल्या ऑफिसांत मला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. विंडोज दुसऱ्या डीएनएसकडे वळलं की काही काळ तिकडेच विचारत राहतं, आणि तुमच्या डोमेनचं नाव बाहेरच्या डीएनएसला माहीत नसतं. 'नेट चालतं पण लॉगिन होत नाही' ही तक्रार इथून जन्मते. क्लायंटला फक्त डोमेनचे डीएनएस द्या.

विझार्डच्या शेवटी स्कोप आत्ता चालू करायचा का, असं विचारलं जातं. 'नाही' निवडा.

मग रिझर्व्हेशन्स करा, म्हणजे ठरावीक उपकरणाला मॅक पत्त्यावरून कायम एकच आयपी पत्ता मिळेल. प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवर दोन मॅक पत्ते असू शकतात, एक केबलचा, एक वायफायचा. प्रिंटर ज्याने जोडलाय तोच लिहा. रिझर्व्हेशन करूनही पत्ता बदलत राहिला तर आधी हेच तपासा.

टप्पा ७: जुनं बंद, नवं चालू

हे काम सुट्टीच्या दिवशी करा. आदल्या दिवशी राउटरमधली लीज तासाभरावर आणा. मशीन अर्धी लीज संपल्यावर जुन्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागतं आणि ८७.५ टक्के संपल्यावर कोणाकडेही मागायला लागतं. लीज छोटी असेल तर मशीनं लवकर आपोआप इकडे वळतात.

१. राउटरचं डीएचसीपी बंद करा, सेव्ह करा, पान पुन्हा उघडून खरंच बंद झालंय ते बघा.
२. स्कोप ॲक्टिव्हेट करा.
३. एकच मशीन घ्या. कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग रिलीज आणि मग रिन्यू करा.
४. आयपीकॉन्फिग ऑल चालवून 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ वाचा. तिथे तुमच्या सर्व्हरचा पत्ता हवा. 'डीएनएस सर्व्हर्स'मध्येही तोच आणि तेवढाच.
५. त्या मशीनवर डोमेनच्या खात्याने लॉगिन करून बघा.

आता एक बारीक तपासणी, जी बहुतेक जण करत नाहीत. डीएनएस कन्सोलमध्ये 'व्ह्यू'मधून 'ॲडव्हान्स्ड' चालू करा. रिव्हर्स झोनमध्ये त्या मशीनची नोंद उघडून 'सिक्युरिटी' टॅब, त्यात पुन्हा 'ॲडव्हान्स्ड', आणि वर 'ओनर' बघा. तिथे तुम्ही बनवलेल्या खात्याचं नाव हवं. डोमेन कंट्रोलरचं किंवा 'सिस्टिम'चं नाव असेल तर एकतर खातं जोडलं गेलेलं नाही किंवा ती नोंद जुनी आहे. जुनी असेल तर पुसून मशीनकडून पुन्हा रिन्यू करवा. फॉरवर्ड झोनमध्ये मात्र विंडोज मशीनच्या नोंदीवर त्याच मशीनचं नाव दिसेल, ते बरोबर आहे.

हे जमलं की बाकीची मशीनं सुरू करा.

सावधान: 'डीएचसीपी सर्व्हर'च्या ओळीत अनोळखी पत्ता दिसला तर कोणीतरी वायफायचा राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टात केबल खोचलेली असते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीची अधिकृत यादी विंडोज सर्व्हरांसाठी आहे, असे राउटर तिला विचारत नाहीत. मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा) असेल तर डीएचसीपी स्नूपिंग (भलत्या पोर्टावरून पत्ते वाटणं अडवणारी सोय) चालू करून फक्त सर्व्हरचं पोर्ट विश्वासू ठरवा. साधा स्विच असेल तर केबली शोधत फिरण्याला पर्याय नाही.

टप्पा ८: बॅकअप आणि दुसरा सर्व्हर

डीएचसीपी दर ६० मिनिटांनी आपला बॅकअप स्वतः घेतं, पण मुळात तो त्याच सर्व्हरच्या डिस्कवर, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या डीएचसीपी फोल्डरात पडतो. डिस्क गेली की तोही गेला. कन्सोलमधून अधूनमधून हाताने बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे न्या. कोणत्याच बॅकअपमध्ये टप्पा ५ चं खातं आणि पासवर्ड येत नाहीत. परत उभं केल्यावर ते हातानेच भरायचं, नाहीतर १०५६ परत येते.

पुढे दुसरा सर्व्हर आला तर त्याच पत्त्यांचा दुसरा सुटा स्कोप तिथे बनवू नका. पहिल्या स्कोपवर राइट क्लिक करून 'कॉन्फिगर फेलओव्हर' वापरा, म्हणजे एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा पत्ते वाटतो. ही सोय विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे. दोन्ही सर्व्हरांच्या घड्याळांत एक मिनिटापेक्षा जास्त फरक चालत नाही. स्कोपमध्ये बदल केला किंवा रिझर्व्हेशन टाकलं की 'रेप्लिकेट स्कोप' हाताने करावं लागतं. सर्व्हरच्या पातळीवरची सेटिंग्ज आणि डीएनएसचं खातं तिकडे जात नाही. दोन्हीकडे तेच एक खातं भरा, कारण वेगवेगळी खाती असतील तर एकाने लिहिलेली नोंद दुसऱ्याला बदलता येत नाही.

आणि या डोमेन कंट्रोलरला कधी निवृत्त करायचं झालं, तर आधी डीएचसीपी नव्या सर्व्हरवर हलवा, ००६ मधला डीएनएसचा पत्ता बदला, सगळ्या मशीनांनी नवी लीज घेईपर्यंत, म्हणजे ८ दिवस, जुना सर्व्हर चालू ठेवा, मगच त्याला अधिकृत यादीतून काढून खाली उतरवा.